ईडीच्या फॉर्मवर पैशाचा आकडा कुठे आहे?

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) १७१ (दोनदा दिली, पहिल्यांदा १६७), जीपीए (कॉलेजच्या मार्कांची सरासरी) ३.७४, रटगर्सचं पोलिटिकल सायन्स, दोन वर्षं मॅनहॅटनला पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, पुढे भाडेकरूंच्या बाजूने हाउसिंगच्या केसेस लढवायच्यात, स्वप्न एनवाययू, म्हणजे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची लॉ स्कूल. १५ नोव्हेंबर ही ईडीची, म्हणजे अर्ली डिसिजन नावाच्या बंधनकारक अर्जाची, तारीख डोक्यावर आलीय. बाबा म्हणतायत 'बिनधास्त कर, पैशाचं मी बघतो, घरावर काढू' आणि आई म्हणतेय 'थांब जरा'. आणि तू विचारतेयस, ताई करू का?

उत्तर आधीच देऊन टाकते. यंदा, या आकड्यांवर, आणि जे काम करायचं म्हणतेयस ते बघता, माझ्या मते नको. एनवाययूला अप्लाय नक्की कर, पण ईडीने नको. आता कारणं, ती जरा लांब आहेत, चहा घेऊन बस.

मी कोण हे सांगते, नाहीतर म्हणशील ही कोण सांगणारी. एका लॉ स्कूलच्या ॲडमिशन ऑफिसमध्ये सहा वर्षं फाईली वाचल्या, त्यानंतर आता नऊ वर्षं न्यू जर्सीत बसून मुलांना अर्जांसाठी मदत करते, त्यात निम्मी तरी आपली देसी मुलं असतात. आणि हो, भारतातल्या नातेवाईकांशी फोनवर बोलताना 'पोरीची ईडीची तारीख जवळ आलीय' असं म्हणू नका, माझ्या एका मामांनी सांगलीहून घाबरून परत फोन केला होता की काय झालं, धाड पडली का.

तर ईडी म्हणजे अर्ली डिसिजन. आपल्या भाषेत सांगायचं तर देण्याघेण्याची बोलणी व्हायच्या आधीच सुपारी फोडायची. तू एकाच शाळेला लिहून देतेस की तुम्ही हो म्हणालात तर मी येणारच, बाकी सगळे अर्ज मागे घेईन, नवीन कुठे करणार नाही. शाळा त्याबदल्यात डिसेंबरच्या आसपास उत्तर देते. इतर शाळांना रेग्युलर अर्ज टाकता येतात, ईडी मात्र एका वेळी एकाच ठिकाणी. आणि लक्षात घे, समजा ईडीचं उत्तर यायच्या आधी दुसऱ्या शाळेने दणदणीत स्कॉलरशिपसकट ऑफर दिली, तरी मग ईडीवाल्यांचं 'हो' आलं की ती ऑफर सोडायची. मोडलंस तर पोलीस येत नाहीत, पण शाळा बाकीच्या शाळांना कळवू शकतात, आणि ज्या धंद्यात आयुष्यभर लोकांच्या सहीचा अर्थ लावायचाय त्या धंद्याच्या दारातच स्वतःची सही मोडायची हे काही बरं दिसत नाही.

कॉलेजच्या वेळचं ईडी आठवत असेल तर ते डोक्यातून काढ. तिथे एड, म्हणजे आर्थिक मदत, कमी पडली तर त्या कारणाने सुटका मागता येते. लॉ स्कूलला ही पळवाट आहे असं धरून चालू नकोस, ज्या शाळेच्या फॉर्मवर सही करशील त्यात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ती आहे.

अजून एक घोळ मला दर सप्टेंबरला निस्तरावा लागतो. 'लवकर अप्लाय करणं' आणि 'अर्ली डिसिजन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक लॉ स्कूल रोलिंग पद्धतीने जागा भरतात, म्हणजे फाईल येईल तशी वाचत जातात, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलेल्या अर्जाला फेब्रुवारीतल्या अर्जापेक्षा मोकळं मैदान मिळतं. हा फायदा फुकट आहे, त्याला सही लागत नाही. पुष्कळ पालकांना वाटतं की हाच फायदा मिळवायला ईडी करतात, आणि मग फुकटच्या गोष्टीसाठी पोरीचे हात बांधून देतात. येल, हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड यांच्याकडे जेडीला (तीन वर्षांच्या वकिलीच्या डिग्रीला) ईडी नाहीच, त्यांना गरज नाही, ते हो म्हणाले की लोक तसेही जातात.

मग बाकीच्यांना ईडी का हवं असतं? आत बसून बघितलंय म्हणून सांगते. ॲडमिशनवाल्यांना दोन काळज्या असतात, जागा भरतील का आणि मीडियन किती येईल. ईडीचं पोरगं म्हणजे डिसेंबरातच पक्की झालेली खुर्ची, आणि बहुतेक वेळा तिच्यावर जास्त पैसे खर्च न करता भरलेली खुर्ची. हे कुणी बाहेर मोठ्याने बोलत नाही.

आता हा मीडियन नीट समजून घे, कारण तुझं सगळं उत्तर त्यातच आहे. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावायचे आठवतंय ना? अकरा मुलं उभी कर, सहावं मूल म्हणजे मीडियन. आता एक बुटकं मूल त्या सहाव्याच्या खाली आलं की ते एक इंच बुटकं आहे का एक फूट, रांगेच्या मधल्या मुलाला काही फरक पडत नाही. सरासरी असती तर पडला असता, मीडियनला पडत नाही. शाळेकडे अशा दोन रांगा असतात, एक एलसॅटची, एक जीपीएची. ज्या मुलाचा एलसॅट १७६ आणि जीपीए ३.४, त्याला आम्ही स्प्लिटर म्हणायचो. एका रांगेत वर, दुसऱ्या रांगेत खाली, आणि खाली कितीही असला तरी नुकसान तेवढंच. असा मुलगा शाळेला हवा असतो, पण जागा थोड्या असतात, आणि प्रश्न एकच असतो की हा नक्की येईल का, का आमच्याकडून हो घेऊन वरच्या शाळेत जाईल. तो ईडीने आला की तो प्रश्नच मिटतो. म्हणून स्प्लिटरला ईडीचा खरा फायदा होतो.

तू स्प्लिटर नाहीयेस. वाईट वाटून घेऊ नकोस, १७१ म्हणजे देणाऱ्या शंभरातल्या वरच्या चार-पाचांमध्ये आहेस. पण टॉप १४ मधल्या (रँकिंगमध्ये सगळ्यात वर धरल्या जाणाऱ्या चौदा) शाळांचे एलसॅटचे मीडियन हल्ली १७० ते १७४ च्या पट्ट्यात असतात, एनवाययूचा तुझ्या आकड्याच्या जरासा वर, आणि जीपीएचा मीडियन ३.९ च्या आसपास. म्हणजे तू दोन्ही रांगांमध्ये मधल्या पोराच्या खाली आहेस, थोडीशीच, पण खाली. मी सांगितलं ना, खाली किती याला किंमत नाही. आमच्या टेबलावर अशी फाईल आली की तिच्यात दुसरं काहीतरी दणकून असावं लागायचं. तुझ्याकडे दोन वर्षांचं काम आहे, हाउसिंग कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये तासन्‌तास उभं राहून भाडेकरूंशी बोलल्याचा अनुभव आहे, ते चांगलंय, ते निबंधात आलंच पाहिजे. पण ईडी फाईल उचलून वर नेत नाही, काठावर असलेलीला आत ढकलते एवढंच. आणि तू अजून काठाच्या अलीकडे आहेस.

२०२२ च्या नोव्हेंबरात येल आणि हार्वर्डने यूएस न्यूजच्या रँकिंगला आकडे द्यायचं बंद केलं, मागोमाग बाकीच्या बऱ्याच शाळांनी केलं, मग यूएस न्यूजने हिशोबाची पद्धत बदलली, एलसॅट-जीपीएचं वजन कमी करून नोकरी आणि बार परीक्षेचं वाढवलं. तेव्हा सगळे म्हणाले आता मीडियनचं वेड संपणार. काही संपलं नाही.

मग तुझ्यासाठी जास्त फायद्याचं काय? जानेवारीची एलसॅट. १६७ वरून १७१ झालीस म्हणजे वाढायला जागा आहे, आणि त्यातला कोड्यांचा भाग, लॉजिक गेम्स, ऑगस्ट २०२४ पासून गेलाय, आता दोन भाग लॉजिकल रीझनिंगचे, एक रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा, आणि एक न मोजला जाणारा. पॅरालीगलचं काम करणाऱ्याला हे खरं म्हणजे सोयीचं आहे, दिवसभर तेच वाचतेस. चालू रिपोर्टिंग काळात (ज्या काळातले स्कोअर शाळांना कळवले जातात तो) पाच वेळा आणि आयुष्यात सात वेळा देता येते, तुझे दोन झालेत. १७४ आले तर त्या दिवशी तू स्प्लिटर झालीस, एका रांगेत वर गेलीस, आणि नुसती आत जायला नाही तर पैसे मागायला लायक झालीस. आणि बघ गंमत, ईडी केलंस तर तू स्वतःला १७१ वर गोठवून घेतेस. म्हणजे तीन महिन्यांनी जो माल जास्त भावाने गेला असता तो आत्ताच उक्ता देऊन टाकायचा.

आता पैसे. इथे जरा थांबणार आहे मी.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक मुलगी, आकडे तुझ्यापेक्षा चांगले, आणि तिचे बाबा, एडिसनला ओक ट्री रोडवर एका हॉटेलात आम्ही भेटलो. ईडीचा करार म्हणजे काही मोठं दप्तर नसतं, एक पान, खाली सहीची जागा. तिने प्रिंट काढून आणला होता. बाबांनी चष्मा लावला, इडलीची प्लेट बाजूला सरकवली आणि पान दोनदा वाचलं, मग उलटं करून मागची बाजू बघितली, ती कोरी होती. मला विचारलं, 'यात किती पैसे ते कुठे लिहिलंय?' कुठेच नव्हतं. ते गृहस्थ आयुष्यभर गोडाऊनचे मॅनेजर, बिलावर रक्कम नसेल तर सही न करणारा माणूस. मी म्हटलं काका, असंच असतं. ते म्हणाले 'मग हे कॉन्ट्रॅक्ट नाही, हा चेक आहे, आणि आकडा ते भरणार'. इतक्या वर्षांत मला ईडी इतकं नेमकं कुणी समजावलं नव्हतं. तरीपण मुलीच्या हट्टापायी सही झाली, डिसेंबरात ॲडमिशन झालं, पेढे वाटले. स्कॉलरशिप आली ती नावापुरती. मार्चमध्ये तिच्याच ऑफिसातल्या मुलीला, आकडे जवळजवळ सारखे, त्याच तोडीच्या शाळेने अर्ध्याच्या वर फी माफ केली, कारण तिच्या हातात दुसऱ्या दोन शाळांची पत्रं होती ती तिने दाखवली. आपल्या मुलीच्या हातात दाखवायला काहीच नव्हतं.

हे पत्र दाखवून मागणं म्हणजे भीक नाही, तो रिवाज आहे. मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक शाळेच्या ऑफिसात असे ईमेल येतात, आम्ही त्यासाठी वेगळा फोल्डरच ठेवायचो. एलसॅट घेणाऱ्या एलसॅक या संस्थेच्या शिष्टाचारात म्हटलेलंच आहे की १ एप्रिलच्या आधी शाळांनी मुलांकडून पक्कं करून घेऊ नये, अपवाद बंधनकारक ईडीचा. म्हणजे सगळ्यांना तुलना करायला दिलेला वेळ ईडीवाला आपण होऊन सोडतो.

यंदा याला अजून एक फाटा फुटलाय, आणि तो बाबांना नक्की वाचून दाखव. आत्तापर्यंत ग्रॅड प्लस नावाचं सरकारी कर्ज होतं, त्यात फी, राहणं, खाणं सगळा खर्च भागेल इतकं काढता यायचं. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ते नव्या कर्जदारांना १ जुलै २०२६ पासून बंद होतंय. लॉसारख्या प्रोफेशनल डिग्रीला आता सरकारी कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार डॉलर, एकूण २ लाखांपर्यंत. तू २०२६ च्या फॉलला सुरू करणार, म्हणजे बरोब्बर या नियमात सापडतेस.

आता गुणाकार कर. न्यूयॉर्कमधल्या वरच्या शाळांची नुसती फी वर्षाला ८० हजारांच्या पुढे गेलीय, राहण्याखाण्यासकट साधारण १ लाख २० हजार धर. तीन वर्षांचे ३ लाख ६० हजार. सरकारी कर्ज तीन वर्षं मिळून दीड लाख. उरले २ लाख १० हजार. हे कुठून? प्रायव्हेट कर्ज, किंवा बाबांचं घर. 'घरावर काढू' हे बोलायला सहा अक्षरं लागतात गं, पण आकडा हा आहे, आणि बाबा रिटायरमेंटच्या कुठल्या टप्प्यावर आहेत ते मला माहीत नाही, तुला माहीत आहे.

मोठ्या फर्ममध्ये जाणार असतीस तर मी कदाचित वेगळं बोलले असते. तिथे पहिल्या वर्षाचा पगार सध्या २ लाख २५ हजार आहे, चार-पाच वर्षं घासली की कर्ज फिटतं, लोक फेडतात. पण तुला भाडेकरूंची वकिली करायचीय. लीगल एडच्या, म्हणजे गरिबांना फुकट वकील देणाऱ्या संस्थेच्या, नव्या वकिलाचा पगार त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. तिथे वाचवणारी गोष्ट म्हणजे पीएसएलएफ, सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करत १२० हप्ते भरले, म्हणजे दहा वर्षं, की उरलेलं कर्ज माफ. पण ते फक्त सरकारी कर्जाला. प्रायव्हेट कर्जाला पीएसएलएफ नाही, पगाराच्या प्रमाणात हप्ता नाही, काही नाही, आणि घरावर काढलेल्याला तर नाहीच नाही. शाळांचे स्वतःचे कर्जफेड-मदतीचे प्रोग्रॅम असतात, एलआरएपी म्हणतात, चांगले असतात, पण त्यात प्रायव्हेट कर्ज धरतात का, पालकांच्या नावावरचं धरतात का, हे प्रत्येक शाळेला ईमेल करून विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. आधीच्या वर्षांत हा प्रश्न एवढा पडत नव्हता कारण सगळंच कर्ज सरकारी असायचं. म्हणून मोठ्या बहिणींचा, ताईदादांचा २०२३ चा सल्ला ऐकताना जरा जपून, त्यांचं गणित वेगळं होतं.

मग ईडी कधीच करू नये का? असं नाही म्हणत मी. काही शाळा ईडीलाच ठरलेली स्कॉलरशिप जोडतात, नॉर्थवेस्टर्न आणि जॉर्जटाऊनने असे प्रोग्रॅम चालवलेत. अशा ठिकाणी ओक ट्री रोडवाल्या काकांच्या प्रश्नाला उत्तर असतं, रक्कम आधीच लिहिलेली असते, मग तू चेक नाही, कॉन्ट्रॅक्ट सही करतेस. पण रक्कम आणि अटी बदलत राहतात, तेव्हा यंदाच्या वर्षाचं शाळेचं पान वाच, माझ्यावर किंवा कुणाच्या चुलतभावावर विसंबू नकोस. ती शाळा तुला मनापासून आवडत असेल आणि उरलेला खर्च सरकारी कर्जात बसत असेल तर मी म्हणेन कर. दुसरा प्रकार खरा स्प्लिटर, ज्याला फी भरायची ऐपत आहे आणि घरच्यांनी आकडा बघून हो म्हटलंय, आकडा न बघता नाही. तिसरं, एखाद्याला एकाच शहरात राहणं भाग आहे, नवऱ्याची नोकरी, आईची तब्येत, म्हणजे तुलना करायला दुसरं गावच नाही. बास. 'मला खूप आवडते ती शाळा' हे कारण मी चौथं धरत नाही, आवडत असेल तर रेग्युलर अर्जात 'व्हाय एनवाययू' लिही, तिथे प्रेम दाखवायला पूर्ण पान मिळतं.

माझं दर वेळी बरोबरच येतं असंही नाही, हे पण सांगते. एक मुलगा होता, १७४ आणि ३.५, अगदी पुस्तकी स्प्लिटर. मी म्हटलं ईडी नको, वसंत ऋतूपर्यंत थांब, पैसे मिळतील. त्या वर्षी अर्जांचा पूर आला आणि त्याला वरच्या सगळ्या शाळांनी वेटलिस्टवर टाकलं. शेवटी तो रँकिंगमध्ये पन्नासाच्या आतल्या एका शाळेत पूर्ण फी माफ होऊन गेला. तो म्हणतो बरं झालं. त्याची आई अजून दिवाळीच्या फराळाला भेटली की माझ्याशी जरा तुटक बोलते, आणि मला तिचं चूक वाटत नाही.

आपल्याकडे अजून एक गोष्ट असते, ती म्हणजे नावाची ओढ. कोलंबिया म्हटलं की घरात बाबासाहेबांचा फोटो आठवतो, माझ्या स्वतःच्या घरात आठवतो. ते तिथे लॉला नव्हते, अर्थशास्त्र वगैरे शिकायला होते, बॅरिस्टर लंडनला ग्रेज इनमधून झाले. पण बंधन घालून घेऊन शिकायला जाणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. १९१३ ला सयाजीराव गायकवाडांची स्कॉलरशिप घेताना त्यांनी करार केला होता, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी. १९१७ ला मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावं लागलं. कडक करार होता, पण बघ, किती मिळणार आणि किती द्यायचं हे दोन्ही त्यात लिहिलेलं होतं.

भारतातून जे हे वाचतायत त्यांच्यासाठी घाईघाईत दोन गोष्टी, कारण पुण्या-मुंबईहूनही मला मेसेज येतात. तुमची डिग्री अमेरिका-कॅनडाबाहेरची असेल तर एलसॅक तिचा ४.० वाला जीपीए काढत नाही, 'सुपीरियर', 'अबव्ह ॲव्हरेज' असा शेरा देतं, म्हणजे तुम्ही जीपीएच्या रांगेत उभेच नसता, तुमचं सगळं वजन एलसॅटवर. एलसॅट खणखणीत असेल तर शाळेला तुम्ही हवे असता आणि ईडीची गरज तेवढी कमी. आणि तुम्हाला सरकारी कर्ज अजिबात नाही, शिवाय व्हिसासाठी आय-२० (शाळेने द्यायचा कागद) हवा तर पैसे दाखवावे लागतात, त्यामुळे स्कॉलरशिपचा आकडा कळायच्या आधी सही करणं म्हणजे निव्वळ धाडस. ज्यांचं एलएलबी आधीच झालंय त्यांनी तर आधी ठरवा की तीन वर्षांची जेडी हवीय का एक वर्षाचं एलएलएम, तो वेगळा विषय.

परत तुझ्याकडे येते. एनवाययूचा रेग्युलर अर्ज याच महिन्यात टाक, ईडीच्या डब्यात टिक न करता. अर्जात जानेवारीची एलसॅट देणार असं दाखव, काही शाळा मग नवा स्कोअर येईपर्यंत फाईल बाजूला ठेवतात, ते चालेल. रजिस्ट्रेशन परीक्षेच्या महिनाभराहून आधी बंद होतं, तेव्हा ते आज कर, उद्या नको. रूट-टिल्डन-कर्न बघितलीस का? एनवाययूचीच आहे, पब्लिक इंटरेस्टवाल्यांसाठी पूर्ण फीची, तुझ्यासारखीसाठीच आहे ती, त्याचे निबंध वेगळे लिहावे लागतात आणि इंटरव्ह्यू होतो. मिळणं अवघड आहे, पण हाउसिंग कोर्टाच्या कॉरिडॉरमधली तुझी ती बाई, जिच्याकडे लीजचा कागदच नव्हता आणि तू तिच्या फोनमधले भाड्याचे मेसेज एकेक करून उतरवून काढलेस, ती गोष्ट तिथे लिही. मला ईमेलमध्ये तू ती दोन ओळीत उरकलीस, एनवाययूच्या नावावर तीन परिच्छेद लिहिलेस. उलटं हवं होतं.

बाकी यादीत टॉप १४ मधल्या तीन-चार, मग फोर्डहॅम, कार्डोझो, ब्रुकलिन, जिथे १७१ मीडियनच्या वर आहे आणि पैसे मिळायची शक्यता चांगली. रटगर्सची लॉ स्कूल राज्यातल्यांना एनवाययूच्या निम्म्याहून कमी फीमध्ये पडते, त्याला नाक मुरडू नकोस. आणि सिटी युनिव्हर्सिटीची क्यूनी लॉ, रँकिंगच्या बाजारात तिला कुणी विचारत नाही पण पब्लिक इंटरेस्टच्या लोकांना विचार, तू ज्या वकिलांच्या हाताखाली काम करतेस त्यातले किती तिथून आलेत ते मोज.

आणि बाबांशी बोलताना 'ताई नको म्हणाली' असं सांगू नकोस, ते चिडतील. त्यांच्याबरोबर बसून प्रत्येक शाळेचा एबीएचा (अमेरिकन बार असोसिएशनचा) ५०९ रिपोर्ट उघड, दरवर्षी डिसेंबरच्या मध्याला नवा येतो, प्रत्येक शाळेला जाहीर करावाच लागतो. लोक त्यात एलसॅट-जीपीएचा तक्ता बघतात आणि बंद करतात. तू खाली ग्रँट आणि स्कॉलरशिपच्या तक्त्यावर जा. किती टक्के मुलांना काहीच मिळालं नाही, किती जणांना अर्ध्या फीपेक्षा कमी मिळालं, किती जणांना पूर्ण, आणि मिळालेल्यांमधला मधला आकडा किती. तो मधला आकडा फी आणि राहण्याखाण्याच्या वर्षाच्या एकूण खर्चातून वजा कर, त्यातून ५० हजार सरकारी कर्ज वजा कर, जे उरेल ते तीनने गुणून कागदावर मोठ्या अक्षरात लिही आणि कागद बाबांसमोर ठेव. काही बोलू नकोस, त्यांना बघू दे.

सहा शाळांचे कागद झाले की मला फोटो पाठव, रविवारी संध्याकाळी मी घरी आहे.